गिरणी थांबवणारा टॉवेल

वरवंडला हायवेच्या कडेला डॉक्टरांनी दवाखाना बांधला, तेव्हा त्याचं वायरिंग मी केलं. पुढं त्यांनी कार्डिओग्रामचं मशीन आणलं आणि माझ्या डोक्याला ताप झाला. कागदावर हृदयाची रेघ उमटायची ती करवतीच्या दात्यांसारखी. डॉक्टर म्हणायचे, यातलं छातीचं दुखणं कुठलं आणि तुझ्या लाइटीची खरखर कुठली, हे मी कसं ओळखू? मग पेशंट जीपमध्ये घालून दौंडला.

मी सगळ्या ट्यूबलायटी बंद करून पाहिल्या, मशीनची जागा बदलली, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं. फरक शून्य. शेवटी शेजारच्या पिठाच्या गिरणीवर माझी नजर गेली. एवढी मोठी मोटर भिंतीपलीकडं फिरतेय, दुसरं कोण असणार? गिरणी एका मुसलमान चाचांची. त्यांना विनवून एकदा ती थांबवली आणि रेघ सरळ आली. झालं, माझंच खरं ठरलं. ते दिवस कडाक्याच्या थंडीचे होते, हे काही माझ्या टाळक्यात आलं नाही.

तेव्हापासून रिवाजच पडला. पेशंट टेबलावर झोपला की कंपाउंडर दारातून लाल टॉवेल हलवायचा आणि चाचा मोटर बंद करायचे. दळण अर्धवट, बायका ताटकळलेल्या. थंडी सरली तशी गिरणी बंद असतानाही रेघ थरथरू लागली. मी म्हणायचो, अजून थोडं थांबा चाचा. ते थांबायचे. एकेक बाई डबा उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या गिरणीकडं वळली. चाचांचं गिऱ्हाईक तुटत होतं, मला दिसत होतं, तरी माझा हेका सुटत नव्हता.

बकरी ईदला गिरणी दिवसभर बंद होती. नेमका त्या दिवशी पेशंट आला आणि रेघ नाचतच राहिली. आता मात्र माझं डोकं फिरलं. एकेक स्विच पाडत मी माडीवर डॉक्टरांच्या बिऱ्हाडात पोचलो. तिथला पंखा बंद केला आणि खालून कंपाउंडरनं सांगितलं, रेघ सरळ झाली.

पाइपात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटली होती म्हणून तो पंखा मीच दोन दिवसांपुरता अर्थिंगच्या वायरवर घेतला होता. आम्हा वायरमन लोकांची ही जुनी खोड. ते दोन दिवस कधी संपत नाहीत. पंख्याचा करंट अर्थिंगमधून खालच्या मशीनला त्रास देत होता. थंडीत पंखा कुणी लावत नव्हतं, म्हणून त्या वेळी रेघ सरळ आली होती; गिरणीचा काही संबंधच नव्हता. जोडावरची चिकटपट्टीसुद्धा माझीच. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगायला गेलो. ते गिरणीच्या दगडाला टाकी लावत बसले होते. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पंखा बंद करायचा व्हता, आन् तू माजी गिरणी बंद केलीस," ते म्हणाले. "मला सांगून काय उपेग? तिकडच्या गिरणीवर जाऊन बायकांना सांग."

गेलो. रांग रस्त्यापर्यंत आली होती. बोलायला तोंड उघडलं आणि रांगेतला एक पत्र्याचा डबा ओळखीचा वाटला. त्यावरचं आमचं आडनाव मीच रंगानं लिहिलं होतं. डब्यापाशी आई उभी होती.

"तिथं तुज्या त्या टॉवेलापायी लई खोळंबा व्हतो रं," ती म्हणाली.