बोगनवेलीत हात घालणारी पोरगी

हिंजवडीच्या कंपनीची बस आमच्या फाटकासमोर थांबायची. बसची वाट पाहता पाहता एक पोरगी आमच्या बोगनवेलीच्या वाळक्या काड्या मोडत राहायची. तिच्या गळ्यातल्या कार्डावर नाव इंग्रजीत होतं. ते मला वाचता येत नाही, आणि मी विचारलंही नाही.

एकदा मी तिला पकडलंच. "काय गं, वेल तुझ्या बापाची आहे?"

"नाही आजी. पण हिला एकही फूल कसं नाही?"

तेच तर माझं दुखणं होतं. वेल नुसती पानांनी माजली होती. मुलाने नवी मोटार घेतली होती. यंदा फुलली नाही तर वेल उपटून तिथे गाडी लावायची, असं त्याने ठरवलं होतं.

"मी तर रोज बादलीभर पाणी घालते," मी म्हणाले.

ती हसली. "आजी, लाड बंद करा. पाणी कमी करा आणि कात्री द्या."

मी दिली. बस येईपर्यंत तिने फांद्या सपासप छाटल्या. काटे लागले तरी थांबली नाही. वेल बोडकी झाली. मी चरफडले, पण पाणी घालताना हात आवरता घेतला.

आणि एका सकाळी टोकाटोकाला गुलाबी! मी अनवाणी फाटकापर्यंत धावले, या वयात. मुलाला ओरडून उठवलं. "बघ, बघ! लाव तुझी गाडी रस्त्यावर!"

तोवर बसचा थांबा पुढच्या चौकात गेला होता. तरी बस आमच्यासमोरूनच जाते. मी हात हलवला. खिडकीत ती उठून उभी राहिली आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली.

"आत्ता नाही!" मी भर रस्त्यात ओरडले. "आधी पोटभर फुलू दे!"