सबोहतआपांची चोचवाली नळी

सबोहतआपांचं वय बासष्ट, जीभ अठराची आणि गुडघे नव्वदचे. आमच्या मर्गिलानच्या आळीत टोमॅटोची रोपं लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्या एप्रिलात खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या, त्या उठेचनात. शेवटी त्यांचे यजमान तुर्दीअली आणि समोरच्या घरातून धावत गेलेली मी, अशा दोघांनी त्यांना काखेत हात घालून वर काढलं.

"मुळासकट आलीस की गं!" तुर्दीअली खो खो हसले.

"हसा, हसा! गावभर शेगड्यांची धुराडी करत फिरलात. बायकोला एक नळी करून द्या."

"कशाला? कानातून धूर येतोय?"

"उभ्याउभ्या रोप लावायला!"

तुर्दीअली पत्र्याचे पक्के कारागीर. ठोकाठोक सुरू झाली. पहिल्या नळीत रोपं अडकली. दुसरीनं ती उलटी लावली, मुळं आभाळाकडे! तिसरी मात्र जमली. कमरेएवढी नळी, खाली दोन पात्यांची चोच. चोच मातीत खुपसायची, वरून रोप सोडायचं, तार ओढली की चोच उघडायची आणि रोप मातीत उभं. मग पायानं माती दाबायची, झालं.

पाटापलीकडच्या बागेतून शेजारीण मुकद्दस ओरडली, "आपा, तोफ कुणावर रोखलीय?"

"तुझ्यावरच! घे खुरपं. चहा उकळेपर्यंत कोण जास्त लावतं ते बघू."

आळी गोळा झाली. तुर्दीअलींनी किटली चढवली. मी रोपांचं खोकं घेऊन आपांच्या मागे. खट्, सुळ्, धप्प! खट्, सुळ्, धप्प! आपांच्या अंगात वारंच शिरलं होतं. वाफा संपला, तरी थांबेनात. टुणकन पाट ओलांडला.

"आपा, अहो..."

"बडबडू नकोस, रोप दे!"

मी मुकाट्यानं दिलं. लोक पोट धरून लोळायला लागले, आपांना वाटलं आपल्यालाच शाबासकी देताहेत. किटलीचं झाकण वाजलं तेव्हा त्यांनी मान वर केली. समोर मुकद्दसचं कोंबड्यांचं खुराडं!

"जिंकलात, आपा," मुकद्दस चिखलाचे हात जोडून म्हणाली. "आणि माझ्या दोन सऱ्याही लावून दिल्यात."

"उपटून नेते!"

"लावा तर हात! रोपं माझ्या मातीत आहेत, माझी झाली."

दोघी कमरेवर हात ठेवून एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की मुकद्दस खुरप्यासकट पाटात बसली. आपा तिला ओढायला गेल्या आणि त्याही आत!

त्या वसंतात तुर्दीअलींना अकरा नळ्या कराव्या लागल्या. आपा घरोघर शिकवायला जायच्या, मालकिणीला बाजूला सारून सगळा वाफा स्वतःच लावून यायच्या. उन्हाळ्यात त्या दोन सऱ्यांना असे टोमॅटो लगडले, की मुकद्दसनं काठ्या बांधल्या. रोज सकाळी आपा ताजी नान घेऊन पाट ओलांडायच्या, मुकद्दस टोमॅटो-कांदा चिरायची आणि दोघी तिथेच बसून सगळं फस्त करायच्या.