हसवायचे कसले पैसे?

फुकट चित्र मागणारी माणसं गाजरगवतासारखी. एक उपटलं की शेजारी चार उगवतात. त्यांचे किस्से सांगायला बसले तर चहाचं पातेलं पुन्हा पुन्हा चढवावं लागेल, आणि तो चहाही ते फुकटच मागतील!

आम्ही तिघं. मी श्रीगोंद्याची, सगळ्यांची आक्का. पिठाच्या गिरणीबाहेरच्या फळ्यावर खडूनं गावाची टर उडवता उडवता हात बसला. मला कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणी बिघडवलंही नाही. दुसरी अकोल्याची, विदर्भातल्या नव्हे, आमच्याच नगरकडच्या अकोल्याची, वैशाली. तिसरा नगरचा सिकंदर. त्याची 'बेगम' नावाची बोलकी म्हैस मोबाईलवर लई लोक वाचतात. रविवारी आम्ही नगरच्या स्टँडजवळ भेटतो आणि या चित्रकथांवर पोट कसं भरायचं यावर भांडतो.

घाई सगळ्यात जास्त सिकंदरला. अम्मीनं त्याला ईदपर्यंतची मुदत दिली होती. तोवर म्हशीनं घर चालवलं तर ठीक, नाहीतर भावाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायचं आणि जन्मभर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो चिकटवायचे!

*

एका साखर कारखान्याचे एक संचालक. वाढदिवसाला त्यांना स्वतःचं व्यंगचित्र हवं होतं, मोबाईलवर फिरवायला. मला म्हणाले, "आक्का, पैशाचं काय घेऊन बसलात? तुमची जाहिरात होईल!"

मी म्हटलं, "शेतकऱ्याचा ऊसही जाहिरातीवरच घेता का?"

कसेबसे तयार झाले. चित्र बघितलं आणि तोंड वाकडं. "पोट जरा कमी करा की."

"करते. पण पोट कमी करायचे डॉक्टरसुद्धा वेगळे पैसे घेतो!"

*

मग पुण्याहून एक मार्गदर्शक आले. डोक्यावर गॉगल, विषय 'कॉमिक्समधून कमाई'. आधी आमच्याकडून फी घेतली, मग म्हणाले, रोज पोस्ट टाका, ट्रेंड पकडा, स्वतःचा ब्रँड करा. सिकंदर बिचारा जीव कानात आणून ऐकत होता. मी हात वर केला.

"साहेब, तुम्ही स्वतः काय काढता?"

"मी काढत नाही, मावशी. मी गाइड करतो."

"मग तुमचं पोट कशावर चालतं?"

"अशा वर्कशॉपवर."

सापडली की कमाईची वाट! चित्र काढायचंच नाही!

*

वैशालीनं अकोल्याच्या जीपवर चित्रकथा काढली. आत माणसं, टपावर माणसं, आणि ड्रायव्हर दाराबाहेर लोंबकळत गाडी चालवतोय. गावातल्या एका मोबाईल दुकानदारानं तिची सही कापली, खाली स्वतःचं नाव टाकलं आणि गावभर वाटली. वैशालीनं फोन केला तर म्हणतो कसा, "ताई, तुमचं नाव कोन वाचतंय? मी हाय म्हणून लोकांपत्तूर पोचलं तरी!"

वैशाली शांत पोरगी. भांडली नाही. पुढच्या चित्रांवर तिनं सहीच केली नाही, नाव चित्रातच पेरलं. जीपच्या नंबरप्लेटवर वैशाली, तांदळाच्या पोत्यावर वैशाली, कोंबडीच्या पंखावर वैशाली. गड्यानं नीट न बघता सगळं आपल्या नावानं वाटलं.

थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोनं कुठून तरी नंबर काढून फोन लावला. "कोन गं तू वैशाली?"

"वहिनी, मला काय विचारता? माझं नाव गावभर कोण वाटतंय, त्यांना विचारा!"

आता त्या दुकानात नुसतं रिचार्ज मिळतं.

*

सिकंदरनं शेवटी वर्गणी ठेवली. महिन्याला एका मिसळीइतकी. फुकट होतं तेव्हा 'हाहाहा' लिहिणाऱ्यांची जत्रा होती. वर्गणी म्हटल्यावर वाटेत शेण दिसल्यासारखे सगळे बाजूनं गेले. थोडे टिकले. त्यातल्या एका रिटायर मास्तरांनी निरोप पाठवला : "वर्गणी परत करा. फुकट होतं तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, एवढ्या पैशात आणखी हसायला पाहिजे."

मी म्हटलं, "देऊन टाक परत. पण आधी त्यांनी हसलेलं सगळं परत माग!"

वैशालीला ठसका लागला. सिकंदर काही हसला नाही. ईद जवळ आली होती.

*

तेवढ्यात घोडेगावच्या बाजारातून फोन आला. किसनराव म्हणून म्हशींचे व्यापारी. त्यांची गिऱ्हाइकं 'बेगम'वर खूश होती. दर बाजाराला एक नवी चित्रकथा हवी, वर किसनरावांचं नाव टाकून. सिकंदर मला सोबत घेऊन गेला.

किसनराव त्याला म्हणाले, "पोरा, म्हशीला वरच्या बाजूला पुढचे दात कुठनं बसवलेस? आख्खा बाजार हसतोय! ऱ्हाऊ दे तसेच." मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सिकंदरच्या हातावर टाकला आणि खालून स्वतःचा हात घातला.

सिकंदर शहरातला सभ्य पोरगा. त्यानं तो हात धरला आणि जोरजोरात हलवला. "थँक्यू, काका!"

भोवतीचे व्यापारी पोट धरून हसायला लागले. मी ओरडले, "आरं येड्या, ते भाव सांगताहेत! हितं भाव तोंडानं बोलत न्हाईत, बोटं दाबून ठरवतात!"

मग टॉवेलाखाली बराच वेळ काहीतरी चाललं. किसनरावांच्या भुवया वर गेल्या. सिकंदरचे कान लाल झाले, पण हात काही त्यानं काढला नाही. शेवटी किसनरावांनी टॉवेल झटकला. "म्हस परवडली, पन ह्यो गडी न्हाई! ठरलं."

एसटीत मी विचारून विचारून दमले. पठ्ठ्या सांगेना. "आक्का, टॉवेलाखालचं सांगत नसतात."

सिकंदरच्या घरी पोचलो तर अम्मी दारातच उभी. "कित्ता ठैरा?"

सिकंदरनं तिच्या ओढणीचं टोक दोघांच्या हातांवर ओढलं. "बोटं मोज, अम्मी." आणि आत दाबली.

मला वाटलं, आता अम्मी डोळ्यांना ओढणी लावेल. पण तिनं हात बाहेर काढलाच नाही. उलट आतल्या आत त्याचीच बोटं दाबली.

सिकंदर किंचाळला, "अम्मी! घरखर्च को इत्ता?"

"दुकान में नै बैठना ना तेरे को?"