अर्ध्या भावाचा कुकर

“अर्ध्यात दिलाव का न्हाई, तेवढं सांगा! बाकीचं पुराण मला नको!”

लातूरच्या गंजगोलाईतल्या भांड्यांच्या दुकानात माझे सासरे ओरडत होते, आणि आवाज असा की फळीवरच्या पितळी तांब्यांतून त्याचे पडसाद निघत होते. काउंटरवर एक कोरा कुकर ठेवलेला. काउंटरमागे दुकानाचे मालक भाई, पांढऱ्या दाढीतून बोटं फिरवत बसलेले.

“अप्पा, अर्ध्यात कुकर विकून राहिलो तर माझ्या घरी काय शिजवू? रिकामा कुकर?”

“मग माझ्या जावयाला कसा दिलाव?”

तो जावई, म्हणजे मी, दुकानाबाहेर घागरींच्या उतरंडीमागे उभा राहून भाईंना हात जोडत होतो. प्रकरण इथवर कसं आलं ते सांगायचं, तर आधी सासऱ्यांविषयी सांगायला हवं.

सांगितलेल्या भावात अप्पांनी या जगात एकच गोष्ट घेतली, ती म्हणजे जन्म. आणि तोही, त्यांच्या घरातले जुने लोक सांगायचे, आठवडाभर उशिरा, बाहेरचा अंदाज घेऊन. त्यानंतर त्यांनी कुणाला म्हणून पहिला भाव दिला नाही. घ्यायचं असो वा नसो, भाव विचारणं हा त्यांचा श्वास होता. महादेवाच्या देवळात नवी घंटा टांगली तेव्हा लोक हात जोडत होते आणि अप्पा पुजाऱ्याला विचारत होते, “कितीला पडली?” पुजारी म्हणाला, देणगीत आली. अप्पा म्हणाले, “तसं नव्हं, देणगी देणाऱ्याला कितीला पडली?” एकदा छातीत दुखतं म्हणून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तर अप्पांनी नळीचा भाव विचारला. डॉक्टरांनी तो सांगितला, आणि त्यावर अप्पांच्या छातीत जी धडधड सुरू झाली, तिच्यासाठी वेगळं औषध लिहून द्यावं लागलं.

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी गावभर गुलाल उडत होता. अप्पा त्यातच उभे होते, धोतरापासून शेंडीपर्यंत लाल, आणि शेजारच्याला विचारत होते, “किलोला काय लावला?” पुढे साहेबलोक राहायला आले. त्यांच्या बायका भाजीवालीनं सांगितलेला भाव मुकाट्यानं देऊ लागल्या आणि अप्पांच्या मते तिथून मराठवाड्याची अवनती सुरू झाली. “जिल्हा झाला म्हणून कोथिंबिरीला काय शिंगं फुटली का गं?” असं त्यांनी भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, “शिंगं न्हाई फुटली अप्पा, माणसं आली. ती तुमच्यावानी मुळासकट मोजून घेत न्हाईत.” त्या दिवसापासून अप्पांनी लातूरच्या भाजीवर बहिष्कार टाकला. जो ट्रॅक्टर रेणापूरकडे निघेल त्यावर बसायचं, तिथल्या बाजारात संध्याकाळपर्यंत दम धरायचा, आणि भाजीवाल्या पाल मोडायला लागल्या की उरलेसुरले वाटे उचलायचे. त्यामुळे सासरवाडीची वांगी नेहमी थोडी विचारात पडलेली दिसत.

एसटीनं कुठे जायचं तर तिकीट एक टप्पा अलीकडचं काढायचं, तिथे उतरायचं, आणि चपला हातात घेऊन उरलेलं अंतर चालायचं. हातात अशासाठी, की वाचवलेले पैसे चपलेच्या टाचेतून जाऊ नयेत. नांदेड-लातूर रस्त्यावरचे कंडक्टर त्यांना इतके ओळखत की टप्पा आला की घंटी मारून म्हणत, “अप्पा, तुमचं लातूर आलं.”

माझं लग्न तर त्यांनी ज्या भावात उरकलं, त्याला तोड नाही. बँडवाल्यानं आकडा सांगितला तेव्हा अप्पांनी त्याला हात जोडले आणि घरी आले. आम्ही कंधारचं वऱ्हाड, आम्हाला वाटलं बँड ठरला. संध्याकाळी माझी वरात निघाली, पुढे झकास बँड, मी घोड्यावर खुशीत. चौकात आल्यावर बँड डावीकडे वळला आणि अप्पांनी माझ्या घोड्याचा लगाम धरून मला उजवीकडे वळवलं. तेव्हा कळलं की बँड देवणीच्या कुणा नवरदेवाचा होता आणि आम्ही नुसते त्याच्या मागून चालत होतो. पुढचं अंतर आम्ही घोड्याच्या टापांवर नाचत गेलो. निरोप घेताना अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, “जावईबापू, वाजायचं तेवढं वाजलं का न्हाई?”

अशा माणसाच्या घरात राहायचं, तर एक रीत पाळावी लागे. ती सासूबाईंनी मला पहिल्याच दिवाळीत शिकवली. मी मिठाईचा पुडा आणला होता. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारात अडवलं आणि हळूच विचारलं, “कितीला आणलाव?” मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “त्यांना एवढं सांगू नगा. रातभर झोपायचे न्हाईत. पाव भाग कमी सांगा.” म्हणजे घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला दोन भाव: एक दुकानदाराला द्यायचा, एक अप्पांना सांगायचा. मुली, जावई, शेजारीपाजारी, सगळे या कटात सामील. कुणाला पाप वाटत नसे. लहान मुलाला कडू औषध गुळात घालून देतात, तितकंच ते निरागस होतं.

याचा परिणाम मात्र असा झाला, की अवघ्या लातुरात महागाई चढत असताना अप्पांच्या डोक्यात स्वस्ताई नांदत होती, आणि ते घरी ऐकलेले भाव घेऊन दुकानोदुकानी भांडत फिरत. एकदा मी नांदेडहून गोदावरीच्या वाळूतली खरबुजं आणली आणि रीतीप्रमाणे भाव कमी करून सांगितला. अप्पांनी खरबूज हातात तोललं, हुंगलं, आणि त्यांचे डोळे पाणावले. “एवढी स्वस्ताई? मग आपल्यापुरती कशी आणलाव? गल्लीला न्हाई आणायची?” आणि त्यांनी गल्लीतल्या घराघरांतून मी सांगितलेल्या भावानं पैसे गोळा केले. पुढच्या खेपेला मी पोतंभर खरबुजं आणली. भावातला फरक माझ्या खिशातून, पोत्याचं तिकीट माझं. गल्लीत आठवडाभर माझी वाहवा चालली होती आणि माझी बायको माझ्याशी बोलत नव्हती.

मग दुष्काळ आला. पाऊस एका वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. विहिरीत दोर पुरेना, मग दोर पुरला तर पाणी पुरेना. टँकरची वाट पाहणं हा गल्लीचा उद्योग झाला. वापरायला उरलं ते बोअरचं पाणी, मचूळ आणि जड. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. अर्ध्या देशाला डाळ पुरवणाऱ्या गावात, डाळ मिलच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात, माझ्या सासूबाई सकाळी भुशाच्या शेगडीवर डाळ ठेवत आणि दुपारी ती तशीच, खडीसारखी, पाण्यातून वर बघत असे. अप्पा ती दोन दातांमध्ये धरून फोडत. एकदा म्हणाले, “रात्री भिजत घाल. मोड आले तर तेवढीच वाढ हुईल.” सासूबाई म्हणाल्या, “भरडलेल्या डाळीला मोड येत न्हाईत.” अप्पा म्हणाले, “एवढ्या पाण्यात ठेवल्यावर लाजंकाजं तरी येतील.”

सासूबाईंना कुकर हवा होता. दिवसभर धुरात बसून त्यांचे डोळे सुजत, टँकरची घागर भरायला पळावं तर शेगडी विझे, आणि इतकं करून ताटात खडीच. अप्पांचा कुकरला विरोध नव्हता. “घेऊ की. भाव उतरू द्या,” असं ते थोरल्या मुलीच्या लग्नापासून म्हणत होते. आता त्या मुलीच्या घरीही कुकर आला होता आणि भाव अजून उतरत होता, वरच्या दिशेनं.

शेवटी मी सासरी मुक्कामाला असताना सासूबाईंनी आपला मार्ग काढला. नव्या साहेबांच्या बायकांना त्यांनी त्या वर्षी शेवया करून दिल्या होत्या. ते पैसे पदराच्या गाठीतून सोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, “जावईबापू, जावा. सांगंल तो भाव द्या, पण आजच आणा.” मी भाईंच्या दुकानात गेलो, सांगितलेला भाव दिला आणि कुकर घेऊन आलो. भाई जरा हिरमुसल्यासारखे दिसले. अप्पांच्या घरचं गिऱ्हाईक असं घासाघीस न करता जाईल, ही त्यांची अपेक्षा नव्हती.

रीतीप्रमाणे पाव भाग कमी सांगायचा ठरला होता. पण अप्पांनी दारातूनच “कितीला?” असं विचारलं आणि कुकर पोटाशी धरून उभ्या असलेल्या सासूबाई एवढ्या हरखल्या होत्या, की त्यांच्या तोंडून निघून गेलं, “अर्ध्यात!”

अप्पा खाली बसले. मग उठले. सकाळी कुणी जागं व्हायच्या आत कुकर काखेत मारून ते गोलाईकडे निघून गेले. याच भावात आणखी दोन, धाकट्या मुलींसाठी. आणि पुरावा म्हणून हा कुकर सोबत. सासूबाईंनी मला अंथरुणातून उठवलं. खरा भाव कळला तर अप्पा कुकर तिथेच परत करून येणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. “पळा,” त्या म्हणाल्या. “ते न्हाई आले तरी चालतील. कुकर माघारी आला पाहिजे.”

म्हणून मी उतरंडीमागे उभा होतो.

भाईंनी मला पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं. पण त्यांचीही पंचाईत होती. दुकानासमोर गर्दी जमली होती, आणि त्यातला एक फेटेवाला आधीच पुढे सरसावला होता. “भाई, अर्ध्यात देऊन राहिलाव तर मला बी एक बांधा.” नाही म्हणावं तर अप्पांच्या घरातून कुकर जातो, हो म्हणावं तर दुकान जातं.

भाईंनी शांतपणे कुकर पुढे ओढला, झाकणावरची शिट्टी काढली आणि गल्ल्यात टाकून गल्ला बंद केला.

“अर्ध्यात दिला, अप्पा. खरं हाय. पण शिट्टी सोडून.”

“म्हंजी?”

“भांडं अर्ध्यात. शिट्टीचे पैसे राहिलेत. चुकून घरी गेली ती. जावईबापू म्हणाले, शिट्टीचं अप्पा बघतील. त्यांच्यासारखा भाव आपल्याला जमत न्हाई.”

“आन् शिट्टी कितीला?” फेटेवाल्यानं विचारलं.

“जेवढ्याला भांडं, तेवढ्याला शिट्टी.”

फेटेवाल्यानं मनाशी बेरीज केली आणि तो चालू लागला. त्याच्यामागोमाग गर्दीही पांगली.

अप्पांनी मात्र धोतराचा सोगा सावरला आणि बाकावर मांडी घातली. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. “एवढुशा शिट्टीला एवढे पैशे? जत्रंत चार आण्याला शिट्टी मिळती, भाई. वर फुगा.”

“ती तोंडानं वाजवावी लागती, अप्पा. ही आपली आपण वाजती.”

“आपली आपण वाजती म्हंजी फुकटच वाजती की!”

चहा आला. तो भाईंच्या खर्चानं, हे सांगायला नको. अप्पा उठून पायरीपर्यंत गेले, भाईंनी बोलावलं. भाईंनी गल्ल्याला कुलूप लावलं, अप्पांनी उघडायला लावलं. दोघांनी एकमेकांचे बापजादे काढले, मग त्याच बापजाद्यांच्या आठवणी काढल्या. उन्हं दुकानात आली तेव्हा शिट्टीचा सौदा कुठेतरी चौथाईवर पटला. अप्पांनी पैसे दिले, शिट्टी मुठीत घेतली, कुकर काखेत मारला आणि रस्त्यानं असे निघाले की लोक बाजूला होत होते. धाकट्या मुलींचे कुकर ते विसरून गेले.

मी मागे राहिलो. भाईंनी तेच पैसे माझ्या हातावर ठेवले. “शिट्टीचे पैसे तुम्ही कालच दिलेत. हे मामींना द्या.” सासूबाईंनी ते पदरात बांधले. अप्पांच्या हातून बायकोला हातखर्च गेला तो असा. कळला असता तर त्यातही घासाघीस झाली असती.

त्या दुपारी डाळ शिजली. शिट्टी झाली की अप्पा ओट्यावरून आत बघायचे. जेवताना त्यांनी भाकरी डाळीत कुस्करली, ती बोटांतून मऊ निघाली. पुन्हा वाढून घेतली.

नंतर पाऊस आला, जिल्हा जुना झाला, कलेक्टर बदलत राहिले. भाई गेले. त्यांच्या मुलानं दुकानाला काचा बसवल्या आणि वर पाटी लावली, ‘एकच भाव’. अप्पा त्या पाटीखाली बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मुलाला पाटीचा भाव विचारला. त्यानं सांगितला. अप्पांनी मान हलवली आणि पायरी उतरून घरी आले. शेवटच्या वर्षांत ते ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पिशवीतल्या वस्तूंचे भाव विचारत. लोकही थांबून सांगत, बहुतेक कमीच करून.

ते गेल्यावर एकदा मी सासूबाईंपाशी स्वयंपाकघरात बसलो होतो. कुकर तोच होता. मूठ बदललेली, बूड काळं पडलेलं. मी विचारलं, “मामी, ह्याचा खरा भाव अप्पांना कधी कळला का हो?”

त्यांनी गॅस बारीक केला.

“त्यांनी परत कधी विचारला न्हाई,” त्या म्हणाल्या.