खो मिळाला तेव्हा

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी कुठेही झोपू शकत असे. सदरमधल्या आमच्या घरून कॉलेजला जाणाऱ्या ऑटोत, प्रयोगशाळेतल्या स्टुलावर, एकदा तर पोळीचा घास हातात धरून. पहाटे मैदान, दिवसा कॉलेज, संध्याकाळी परत मैदान. प्रॅक्टिकल बुडलं की मॅडम म्हणायच्या, “खेलने से डिग्री मिलेगी क्या?” सराव बुडला की आमचे कोच सर म्हणायचे, “पढ़ाई का बहाना मत बनाओ.” या दोघांना एकदा समोरासमोर बसवून द्यावं आणि आपण खुशाल झोपावं, असं मला फार वाटे.

विद्यापीठाच्या खो-खो संघात यायची ती माझी शेवटची संधी होती. आधीची दोन्ही वर्षं निवड थोडक्यात हुकली होती. यंदा नेमका निवड चाचणीच्याच दिवशी सकाळी रसायनशास्त्राचा पेपर आला.

“काहून एवढा जीव काढून राहिली?” आई म्हणाली. “एक काहीतरी सोड न.”

“अच्छा, सोडते,” म्हणत मी पिशवीत बूट कोंबले.

पेपर देऊन थेट मैदानावर गेले. आमची पाठलागाची पाळी होती. मी रांगेत माझ्या चौकोनात बसले, हात जमिनीला टेकले, मान खाली घातली. ऊन छान उबदार होतं. तेवढ्यात डोळा लागला.

पाठीवर थाप पडली, “खो!” ऐकूही आलं. झोपेतच मला वाटलं, मिळाला कोणाला तरी खो, बिचारीला आता पळावं लागणार. आणि मी बसूनच राहिले. समोरची मुलगी आरामात निसटून गेली. मैत्रिणी ओरडल्या, सरांनी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी सरांनी सगळ्यांसमोर निवडलेली नावं वाचली. माझं नव्हतं. मैत्रिणी माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर उद्या पहाटे उठायचं नाही. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

रडू आलं ते घरी पोचल्यावर. शाळेपासून ज्या खेळावर जीव टाकला, तो सुटला आणि मला सुटल्यासारखं वाटलं, याचं रडू. ते काही केल्या थांबेना.

“निवड नाही झाली म्हणून रडून राहिली का?” आईने विचारलं.

मी हो म्हटलं.