पाठीवरची टोपली
आई गेल्याच्या चौथ्या दिवशी मी तिचा फोटो घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेलो, तेव्हा फ्रेमवाल्याने विचारलं, “हसरा नाही का एखादा?” आणि मला आईसोबतची दार्जिलिंगची ती सकाळ आठवली. उतारावर चहाची झुडपं होती, त्यांच्यावरून धुकं सावकाश वर सरकत होतं आणि ओल्या पानांचा कच्चा, तुरट वास येत होता. मळ्याच्या तोंडाशी एक बाई पानं खुडणाऱ्यांची वेताची टोपली फोटोसाठी भाड्याने देत होती. मला शिकवण्यासाठी आईने वर्षानुवर्षं बांधकामावर रेती वाहिली होती. ती खदखदून हसली. “पाह्य गा, मले तर वझं उचलाचे पैसे भेटत होते, अन् हे लोकं खिशातून देऊन राहिले!” मग तिने टोपली पाठीवर घेतली आणि पट्टा कपाळावर असा बसवला, की ती बाईही पाहत राहिली. “काढ नं बापा फोटो,” आई हसतच म्हणाली. सोबत माझ्या कॉलेजातले सहकारी होते. मी हळूच म्हणालो, “उतरव ते आई, सगळे बघताहेत.” टोपली उतरवून तिने पदर सारखा केला आणि झुडपांपुढे हात सरळ ठेवून उभी राहिली. तेव्हा कुठे मी फोटो काढला. तोच आता फ्रेमवाल्याच्या हातात होता, आणि तो अजून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. “हसरा नाही,” मी म्हणालो, “हाच आहे.”