येळवणीचा मान

छबूबाई भली बाई होती असं म्हणणारा माणूस एक तर परगावचा असायचा, नाही तर तिच्या हातचं जेवून नुकताच उठलेला असायचा. आम्ही गाववाले तिला ओळखून होतो. माझं आणि तिचं घर एका भिंतीचं. मी जोगाईच्या देवळाच्या पायऱ्यांखाली नारळ विकायचो, आणि घरी येऊन जेवायला बसलो की भिंतीपलीकडून तिच्या शिव्या ऐकायचो. भाकरीबरोबर कोरड्यास नसलं तरी चालून जायचं, इतका त्या शिव्यांत तिखटपणा असायचा.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. वर जोगाईचं ठाणं. जोगाईला नवसाचा निवद पुरणपोळीचा लागतो, आणि तो घरून बांधून आणलेला चालत नाही. गावातल्याच चुलीवर शिजलेला पाहिजे. त्यामुळं ज्याच्या घरात एखादी खोली रिकामी, तो ती नवसकऱ्यांना द्यायचा. नगरची, पुण्यामुंबईची माणसं एसटीनं यायची आणि दोन-तीन दिवस राहायची. नवसही फिटायचा आणि पोरांची सुट्टीही स्वस्तात व्हायची. खोली, चूल, तवा, पाटा-वरवंटा आणि जळण घरमालकाचं, शिधा ज्याचा त्याचा. भाडं नावालाच असायचं. खरं भाडं म्हणजे येळवणी.

पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी निथळून काढतात, ती येळवणी. तिची कटाची आमटी घरोघर होते, हे मी सांगायला नको. पण आमच्या गावात पाहुण्यानं ती करायची नाही. ज्याची चूल त्याची येळवणी. त्याला आम्ही चुलीचा मान म्हणायचो. पाहुणे पोळी दुधाशी खायचे, नाही तर गुळवणीशी, पण येळवणी घरमालकिणीच्या पातेल्यात ओतून वर तिच्या पाया पडायचे.

छबूबाईच्या दोन खोल्या होत्या. डाळ निथळायची वेळ झाली की ती पातेलं घेऊन दारात उभी राहायची. एक थेंब जमिनीवर सांडला तर पाहुणीला ऐकवायची, "आईच्या दारी आलाय का उधळायला?" आणि मग त्या पाण्याची ती जी आमटी करायची, तिला तोड नव्हती. मी भिंतीअलीकडं नुसत्या वासावर भाकरी खाल्लेली आहे.

त्या आमटीत काय घालते हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सून राहीबाई लग्न होऊन आली तेव्हा नवी नवलाई म्हणून विचारून बसली. "आत्याबाई, वाटनात काय घालता?" छबूबाई म्हणाली, "मेल्यावर सांगीन." वाटण करायची वेळ झाली की ती सुनेला पाण्याला पिटाळायची. राहीबाईनं मग पुन्हा विचारलं नाही. तिला पोरं झाली, तरी त्या घरात आमटीच्या पातेल्यात पळी घालायचा हक्क तिला नव्हता.

ही आमटी खाणारा मुख्य माणूस म्हणजे छबूबाईचा नवरा कारभारी. तरणा होता तेव्हा एकदा त्याला आमटी अळणी लागली, तर त्यानं ताट भिरकावलं होतं. त्याचा वण छबूबाईच्या कपाळावर कुंकवाच्या वरच होता. आमटी चांगली झाली असं तो जन्मात कधी म्हणाला नाही. पुढं त्याचं अर्धं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. कोरडा घास त्याच्या घशात अडकायचा. भाकरी आमटीत कुस्करून तिचा गोळा केला तरच खाली उतरायची. छबूबाई त्याला मांडीशी टेकवून भरवायची आणि म्हणायची, "गिळा आता. गिळायला तरी कष्ट नका देऊ." त्यावर तो म्हणायचा, "तिखट जास्त झालंय." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा. तिचं त्याच्यावर प्रेम होतं की नाही, देव जाणे. पण तो उपाशी राहिला तर तिच्याही पोटात घास जात नसे, हे मी पाहिलेलं आहे.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. बाजरी करपली, तूर-हुलगा पेरलाच नाही. रेशनवर अमेरिकेचा लाल जोंधळा, मिलो, मिळायला लागला. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि खाताना भुसा झाल्यागत तोंडभर व्हायची. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा, हे खरं, पण कोंडा गिळायलाही गळा धड लागतो. छबूबाईचा मुलगा बन्सी आणि राहीबाई खडी फोडायच्या कामावर जायला लागली. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायची. आमच्या गावात त्या वर्षी डाळीचा कण नव्हता. डाळ यायची ती फक्त नवसकऱ्यांच्या पिशवीतून, आणि आम्हाला मिळायचं ते तिचं पाणी. कारभारी जगत होता तो त्या पाण्यावर. दुष्काळामुळं नवसही वाढले होते, त्यामुळं खोल्या कधी रिकाम्या नसायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या नलिनीताई आल्या. नवरा कुठल्याशा कारखान्यात कारकून, दोन पोरं, एक स्टोव्ह आणि बिस्किटांच्या डब्यात भरलेला मोजका शिधा. बाई टापटिपीची आणि काटकसरी. कांद्याची पातसुद्धा टाकायची नाही, त्याची चटणी करायची. छबूबाईला असली बाई आवडली. तिनं आमटी झाल्यावर वाटीभर नेऊन दिली. का दिली? मोठेपणा मिरवायला, दुसरं काय?

नलिनीताईंनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "छबूबाई, अहो, तुम्ही अन्नपूर्णा आहात. मी इतकी वर्षं कट करते, पण अशी आमटी माझ्या बापजन्मात नाही खाल्ली."

एवढंच. पण छबूबाईला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. कपाळावर वण देणारे भेटले होते. ती उंबऱ्यावर बसली ती उठेना. नलिनीताई म्हणाल्या, "मला शिकवा ना. उद्या आमच्या पुरणाची येळवणी मला ठेवू द्या, तुमच्यासमोर करते. पोरांचं रात्रीचं जेवण त्यातच भागेल, भाताबरोबर."

मान सोडायचा म्हणजे काय, हे छबूबाईला कळत नव्हतं असं नाही. पण स्तुती चढली की माणसाला पुढचं दिसत नाही. ती म्हणाली, "करा की. मी सांगते तसं करा."

दुसऱ्या दिवशी राहीबाईची सुट्टी होती. ती अंगणात फोड आलेल्या हातांना तेल लावत बसली होती. खोलीतून छबूबाईचा आवाज येत होता, मला माझ्या घरात ऐकू येत होता, तर तिला का नाही येणार? "शिळी भाकरी निखाऱ्यावर काळी हुस्तोवर भाजायची. बाजरीची असली तर झ्याक, न्हाई तर ह्या मिलोची बी चालती. ती चुरून कांद्या-खोबऱ्याच्या वाटनात घालायची. बास, हेच."

म्हणजे जळकी शिळी भाकरी! एवढ्यासाठी त्या बाईनं सुनेला जन्मभर पाण्याला पिटाळलं होतं.

राहीबाई उठली आणि खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. "आत्याबाई, मेल्यावर सांगीन म्हनला हुता. आज मेलात का काय?"

पाहुण्यांसमोर सून बोलली. छबूबाईनं हातातली पळी तिच्या तोंडावर मारली. राहीबाई रडली नाही. तिनं पोरांना हाताला धरलं, गाठोडं बांधलं आणि बन्सीला म्हणाली, "मी कामावरच्या छपरात ऱ्हाते. तुमाला यायचं तर या." बन्सी आईकडं बघत उभा राहिला आणि मग बायकोच्या मागनं गेला. नलिनीताई ओशाळल्या, पण आमटी झक्क झाली होती. पोरांनी दोनदा भात घेतला.

नलिनीताई पुण्याला गेल्या आणि त्यांनी चार घरी सांगितलं, जोगाईला जाल तर छबूबाईंकडे उतरा, स्वस्तात भागतं, येळवणीची आमटी आपली आपल्याला करू देतात. नवसकरी यायचे ते विचारतच, "ती आमटी करू देणारी खोली कुठली?" येताना कांदा-खोबरं घेऊन यायचे. छबूबाई पातेलं घेऊन दारात उभी राहिली की पाहुणी गोड हसून म्हणायची, "आजी, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्हीच करणार आहोत." एकीला छबूबाईनं चुलीचा मान सांगून बघितला. ती म्हणाली, "नलिनीताईंना चाललं, मग आम्हाला का नाही?" आणि सामान उचलून आमच्याच आळीतल्या छगनच्या खोलीत गेली. छगननं तिला येळवणीसकट खोली दिली. एकानं सोडला म्हणून दुसऱ्यानं सोडला, आणि महिन्याभरात गावातल्या एकाही चुलीचा मान शिल्लक राहिला नाही. बाया पाणवठ्यावर छबूबाईच्या नावानं बोटं मोडायच्या. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ बघितले, हिनं गावाच्या पायावर पाडला.

कारभारी वाळत चालला. छबूबाई मिलोची भाकरी मिठाच्या गरम पाण्यात कुस्करायची, मिरचीच्या पाण्यात कुस्करायची. घास तोंडात फिरायचा आणि ठसका लागून बाहेर यायचा. "आमटी का करत न्हाईस?" तो विचारायचा. "पानी पाजून मारती व्हय मला?" ती म्हणायची, "मारायचं असतं तर कवाच मारलं असतं." पण आवाजात पूर्वीची धार नव्हती. शेजारी वासावर भाकरी खाणारा मी, मला तिचा आता राग येत नव्हता. राग यायचा तो खोलीतल्या पाहुण्यांचा. एके दिवशी एका पाहुणीनं तिला वाटीभर आमटी दिली आणि म्हणाली, "आजी, चाखून सांगा, तुमच्यासारखी जमली का?" छबूबाईनं ती वाटी तशीच नवऱ्याकडं नेली. पाहुणी मागनं आली, वाटी परत न्यायला.

मग छबूबाईनं शेवटचा डाव टाकला. मंगळवारच्या आरतीला तिच्या अंगात आलं. मी समोर होतो. केस मोकळे सोडून ती घुमायला लागली. ताशा थांबला. नवसकरी हात जोडून उभे राहिले. छबूबाई ओरडली, "माज्या निवदाची येळवनी नवसकऱ्यानं खायची न्हाई! जो खाईल त्याचा नवस मी घेनार न्हाई!" पुढं ती काय म्हणणार होती हे मला कळलं होतं. चुलीच्या धनिणीला द्या, हेच. पण तिला दम लागला, आणि तेवढ्यात सूर्यभान पुजाऱ्यानं अंगारा तिच्या कपाळाला लावला आणि मोठ्यानं सांगितलं, "ऐकलं का मंडळी? येळवनी आईची हाय. खाली ठिवायची न्हाई, हितं आनून आईच्या दारी वाहायची."

अंगारा लागल्यावर देवी जाते. देवी गेल्यावर छबूबाईनं तोंड उघडायचं कसं? ती घामेजून जमिनीवर बसून राहिली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

दुसऱ्या दिवसापासून झाडून सगळे नवसकरी येळवणी तांब्यात भरून डोंगर चढायला लागले. सूर्यभाननं देवळामागं दगडी डोणी ठेवली होती. ती डोणी त्याच्या म्हशीची. साऱ्या तालुक्यातली जनावरं छावणीत हाडं मोजत उभी होती आणि पुजाऱ्याची म्हैस डाळीच्या पाण्यावर तुकतुकीत झाली होती. छबूबाई त्याच्याकडं गेली. "एक तांब्या दे, सूर्यभान. घरात आजारी मानूस हाय."

तो म्हणाला, "छबूबाई, तुज्याच तोंडानं आई बोलली. आता तूच तिचं खानार? मी दिलं तर मला पाप." आणि त्यानं तिच्यादेखत डोणीत कोंड्याची पाटी ओतली.

त्यानंतर दोन दिवस तिच्या घरात चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी दुकान आवरत होतो. सूर्यभान आरतीत होता, घंटा वाजत होती. छबूबाई देवळामागच्या वाटेनं उतरताना दिसली. पदराखाली पातेलं होतं आणि पदर भिजला होता. मनगटाला कोंडा चिकटला होता. ती माझ्यासमोरून गेली आणि मी नारळ मोजत असल्यासारखं केलं.

भिंतीपलीकडं चूल पेटली. भाकरी जळाल्याचा वास आला, मग कांद्याचा नाही, खोबऱ्याचाही नाही, ते कुठलं असणार? तरी वास तोच, जुना. कोंडा तिनं लुगड्याच्या पदरातून गाळून काढला असावा. थोड्या वेळानं कारभाऱ्याचा जड आवाज आला. तो खात होता. ठसका लागत नव्हता.

"अगं," तो म्हणाला, "राही आलीया व्हय?"

पळी पातेल्याला लागल्याचा आवाज आला.

"तिनंच केली दिसती आमटी. तुझ्या हाताला कुठली ही चव? जन्मात असली खाल्ली न्हाई मी."

मला वाटलं, आता ती शिव्या देणार. द्याव्यात, असंही वाटलं. पण काय सांगणार होती ती त्याला? कुणाच्या डोणीतलं आहे ते?

"व्हय," छबूबाई म्हणाली. "राहीनंच केली."

"तिला म्हनावं, रोज करीत जा," कारभारी म्हणाला, आणि त्यानं वाटी पुढं केल्याचा आवाज झाला.

"सांगते," ती म्हणाली.